सात नंबरचा पाय

बायकोला एखादी गोष्ट सांगायची नाही असं ठरवणं, हा तसा किरकोळ निर्णय. मी आठवड्यातून असे चार-पाच घेतो. बहुतेक गोष्टी संध्याकाळपर्यंत तिला आपोआप कळतात आणि विषय मिटतो. पण काही महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी मी जो निर्णय घेतला, त्यापायी एका धडधाकट भिंतीला भगदाड पडलं, एक जावई मोज्यांच्या ढिगाऱ्याखालून उपसून काढावा लागला, आणि बावीस वर्षं जपलेली माझी अब्रू भर दुकानात एका लोखंडी पट्टीवर मोजली गेली.

झालं असं, की त्या सोमवारी गजर वाजला, मी उठून बसलो आणि उजवा पाय जमिनीवर टेकवला. त्यापुढचे काही क्षण मी या जगात नव्हतो. टाचेखाली कुणीतरी खिळा उभा करून ठेवलाय, आणि ठेवण्याआधी तो चांगला तापवलाय, असं वाटलं. वाकून पाहिलं. खिळा नव्हता. नेहमीची फरशी होती, गुळगुळीत आणि निरागस. पुन्हा पाय टेकवला. खिळा होता.

"काय झालं हो?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"कुठे काय? काही नाही!" मी म्हणालो.

हाच तो निर्णय.

आता तुम्ही म्हणाल, टाच दुखते एवढं बायकोला सांगायला काय जातं? जातं. दोन वर्षांपूर्वी तिची टाच दुखत होती. अशीच, सकाळी उठल्या उठल्या. तेव्हा मी, पायांमधला जाणकार, तिला समोर बसवून व्याख्यान दिलं होतं. "अगं, टाच ही मुळात दुखायची वस्तूच नाही. आहे काय तिच्यात? एक हाड आणि वर जाड कातडी. गुडघा दुखला तर समजू शकतो, गुडघ्याला काम असतं. टाचेचं दुखणं म्हणजे मनाचं दुखणं!" त्यावर ती काहीच बोलली नव्हती. (बायको काही बोलत नाही तेव्हा ती मनात लिहून ठेवत असते, हे एकवीस वर्षं संसार केलेल्यांना सांगायला नको.)

पायांमधला जाणकार म्हणजे मी बुटांच्या दुकानात आहे. पण नुसता विक्रेता समजू नका. मी त्या दुकानाचा सँपल पाय आहे. हा हुद्दा तुम्ही ऐकला नसेल, म्हणून सांगतो. नवीन बूट निघाला की कारखान्याकडून आमच्याकडे नमुन्याचा एकच जोड येतो आणि तो कायम सात नंबरचा असतो. मोठं गिऱ्हाईक आलं, म्हणजे एखादी शाळा, एखादा कारखाना, की तो जोड कुणीतरी पायात घालून लाल जाजमावरून अकरा पावलं जायचं आणि अकरा पावलं यायचं. गिऱ्हाईक म्हणतं "वा", आणि शे-दीडशे जोडांची ऑर्डर होते. हे चालून दाखवायला जो पाय लागतो, तो माझा. बावीस वर्षांपूर्वी मालकांनी मुलाखतीत माझं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. नुसतं म्हणाले, "बूट काढा." पाय मोजायच्या पट्टीवर माझा पाय ठेवला. सात. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. "उद्यापासून या."

त्या दिवसापासून मी पाय मोजून घेतला नाही. कशाला घ्यायचा? माझा पाय म्हणजेच माप. केस गेले, पोट आलं, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण पायाचा नंबर हलला नाही, असं मी अभिमानानं सांगत असे. पुरावा म्हणून घरातल्या सपाता दाखवत असे. त्या बायको आणते. (दुकानातल्या माणसानं घरातही दुकान बघू नये, असं तिचं म्हणणं.) दर दोन-तीन वर्षांनी नवा जोड आणते, आणि तो पहिल्याच दिवसापासून पायात लोण्यासारखा बसतो. तळावरचा नंबर मात्र आठवड्याभरात पुसला जातो. हल्ली छापतातच कच्चं. पण नंबर वाचायची मला गरज काय? पाय सांगतोच की, सात.

दुकानातले बूट हल्ली जरा आवळ वाटायचे, हे खरं. पण ते मी कारखान्याच्या बिघडलेल्या साच्यांवर ढकललं होतं.

या सगळ्यात काळजीची गोष्ट एकच होती: मालकांचे जावई. सहा महिन्यांपूर्वी ते 'जरा हातभार लावायला' म्हणून दुकानात आले आणि खुर्चीत बसून हातभार लावू लागले. चाळिशीचा गृहस्थ, स्वभावानं गरीब, कामात त्याहून गरीब. एकदा तळपाय खाजवायला त्यांनी बूट काढला आणि मी हातातला खोका खाली ठेवला. बावीस वर्षं पाय बघतोय मी. लांबूनसुद्धा कळलं. सात!

सँपल पाय बदलला तर जुना पाय कुठे जातो, हे मला ठाऊक होतं. माळ्यावर. दुकानाच्या मागे चौदा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. वर गोदाम. खालून कुणी "काळा, नऊ नंबर!" असं ओरडलं की वरच्यानं खोका घेऊन उतरायचं आणि परत चढायचं. माझ्या आधीच्या सँपल पायाचं अंगठ्याचं हाड वाढलं आणि ते वर गेले. निवृत्त होईपर्यंत आम्हाला त्यांचा चेहरा फारसा दिसला नाही. वरून नुसते खोके यायचे.

आणि नेमकं त्याच महिन्याच्या शेवटी एका मोठ्या इस्पितळाच्या मेट्रनबाई येणार होत्या. एकशे चाळीस जोड, दिवसभर उभं राहणाऱ्या माणसांसाठी. मालक रोज आठवण करून द्यायचे, "पाय सांभाळा हं. सगळं तुमच्या पायावर आहे."

टाच ठणकली. मी म्हणालो, "पाय काय, ठणठणीत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहाणपणा केला. टाच टेकवायचीच नाही. चवड्यांवर उठलो, चवड्यांवर निघालो. दारात बायको.

"हे काय नवीन?"

"व्यायाम," मी म्हणालो. "सकाळी चवड्यांवर चाललं की नजर सुधारते." (थाप मारायची तर भक्कम मारावी, असं माझं मत आहे. लेचीपेची थाप लगेच पकडली जाते.)

"असं होय?" ती म्हणाली. "मग उंच झालाच आहात, तर तेवढे वरच्या फळीवरचे डबे काढून द्या."

काढून दिले. तिसऱ्या दिवशी पंखा पुसला. चौथ्या दिवशी पडद्यांच्या दांड्या. पुढच्या आठवड्यात तिनं यादीच केली. आमचं घर छतापासून चार फूट खालपर्यंत इतकं लख्ख कधीच नव्हतं. नजरेत मात्र काही फरक पडला नाही.

दुकानातली तऱ्हा निराळी. या दुखण्याची एक खोड आहे. चालत राहिलं की ते जरा निवतं. बसलं की झोपतं. पण बसून उठलात, की झोपमोड झालेल्या सासऱ्यासारखं पहिल्या दहा पावलांत सगळा राग काढतं. आणि माझं काम काय? बुटक्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा, उठायचं, दुसरा खोका आणायचा, परत बसायचं. दिवसातून साठ वेळा बसणं आणि साठ वेळा उठणं. मी ठरवलं, उठायचंच नाही. घरच्या जुन्या टेबलाची चाकं काढून आणली आणि स्टुलाला ठोकली. मग काय! चवड्यांनी रेटा दिला की मी थेट खोक्यांपाशी, दुसरा रेटा दिला की गिऱ्हाइकापाशी. उठणं नाही, दुखणं नाही.

मालक बघतच राहिले. "ह्याला म्हणतात तत्परता!" ते म्हणाले. "जावईबापू, शिका जरा. बसा बघू तुम्हीपण."

जावईबापू बसले. रेटा देताना त्यांनी अंदाज चुकवला. दुकानाच्या उताराला लागून ते, हात हवेत, चेहऱ्यावर काहीसं हसू, असे माझ्यासमोरून गेले आणि मोज्यांच्या मांडणीत शिरले. तीनशे जोड मोजे त्यांच्यावर कोसळले. आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा कुठे गेलं असेल? त्यांच्या पायांकडे. दोन्ही शाबूत. (मनुष्य काळजीत असला की किती हलक्या मनाचा होतो बघा.) संध्याकाळी मालकांनी चाकं काढायला लावली.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पाय हातात घेतला, इकडे तिकडे दाबला आणि मग अंगठा नेमका त्या जागी रोवला. मी असा ओरडलो, की बाहेर बसलेले दोन पेशंट एकदम बरं वाटून घरी निघून गेले.

"तळपायाला टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो," डॉक्टर म्हणाले. "तो टाचेपाशी दुखावलाय. प्लांटर फॅसायटिस म्हणतात."

"बरं होईल ना?"

"होईल. घाई केली नाहीत तर."

"किती दिवस?"

"महिने विचारा."

"डॉक्टर, माझ्याकडे अठरा दिवस आहेत."

"तुमच्याकडे असतील. टाचेकडे नाहीत." मग त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. "माप काय?"

"सात."

"शेवटचं कधी मोजलंत?"

"बावीस वर्षांपूर्वी."

"तेव्हा वजन एवढंच होतं?"

"डॉक्टर, विषय पायाचा चाललाय."

"मी पायाचंच बोलतोय. वयाबरोबर पाय पसरतो."

"इतरांचा," मी म्हणालो.

ते लिहायला लागले. बाटलीत पाणी भरून गोठवायचं आणि ती बाटली तळपायाखाली फिरवायची. दिवसातून तीनदा भिंतीला दोन्ही हात लावून, एक पाय मागे ताणून, पोटरीचा व्यायाम. अनवाणी चालायचं नाही. आणि योग्य मापाचे बूट. या शेवटच्या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. मी ती ओळ सोडून बाकी सगळं पाळायचं ठरवलं.

बाटली मी आमच्या फ्रीजरमध्ये अगदी आत, बर्फाच्या ट्रेमागे दडवली. संध्याकाळी बायको शिकवणी घ्यायला गेली की ती काढायची, पायाखाली फिरवायची आणि परत ठेवायची. कधी पाणी भरायला विसरायचो, कधी वितळलेली बाटली पलंगाखालीच राहायची. पण दुसऱ्या संध्याकाळी बघावं, तर ती पुन्हा आपल्या जागी, गच्च गोठलेली. फ्रीज चांगला निघाला, असं मला वाटलं.

घोळ झाला तो भिंतीच्या व्यायामात.

दुकानात आरशाशेजारी एक मोकळा कोपरा होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिथे भिंतीला हात टेकवून, उजवा पाय मागे ताणून, जोर लावत होतो. तीस मोजायचे असतात. सव्वीसला मागून आवाज आला.

"भिंत ढकलताय?"

मालक होते.

"ओल बघतोय," माझ्या तोंडून निघून गेलं.

आता बुटांच्या दुकानात 'ओल' हा शब्द उच्चारणं म्हणजे भरल्या नाटकगृहात 'आग' म्हणणं. मालकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लगबगीनं भिंतीला तळवा लावला. "हो की! मलाही लागतेय!"

"मला तर चक्क गार लागतंय," जावईबापू म्हणाले.

"अहो, भिंत सावलीत आहे, गार लागणारच," मी गयावया केली.

"तुम्ही मन मोठं करून सांगितलंत, आता माघार घेऊ नका," मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. त्यानं भिंतीवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या. "वरून दिसत नाही," तो म्हणाला. "पण आत असू शकते." (भिंत फोडायला बोलावलेला गवंडी 'ओल नाही' म्हणाला, असं मी तरी ऐकलेलं नाही.) दोन दिवसांत भिंतीला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं. आत ओल नव्हती. पण मग भगदाड बुजवायचं आलं, त्याला परांची आली, वाळू आली, आणि दुकानाचा मागचा अर्धा भाग बंद झाला. लाल जाजम मागच्या भागात असायचं. ते गुंडाळून मालकांनी पुढे आणलं, त्याला आणखी एक तुकडा जोडला आणि थेट दारापासून गल्ल्यापर्यंत अंथरलं.

मी मोजलं. तेवीस पावलं.

माझ्या एका थापेनं माझीच वाट दुपटीहून लांब झाली होती. मालकांनी वर माझी पाठ थोपटली. "मेट्रनबाईंना आता चांगलं लांबलचक चालून दाखवता येईल."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. जेवताना तेवीस, अंघोळ करताना तेवीस. घरात झोपायच्या खोलीपासून गॅलरीपर्यंत तेवीस पावलं भरतात, असं लक्षात आल्यावर मी तिथे सराव सुरू केला. पाऊल टाकायचं, टाच टेकवायची आणि चेहऱ्यावर हसू ठेवायचं. आठव्या फेरीला बायकोनं वहीतून डोकं वर काढलं.

"कुणाकडे बघून हसताय?"

"मेट्रनकडे."

"कोण मेट्रन?"

"गिऱ्हाईक आहे गं. एकशे चाळीस जोडांचं. तिच्यासमोर हसतमुख चालायचंय."

तिनं मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अहो, असं हसाल तर ती पोलिसांना बोलावेल." आणि परत वहीत डोकं घातलं. थोड्या वेळानं, वर न बघताच म्हणाली, "काही सांगायचंय का तुम्हाला?"

सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं. पण 'मनाचं दुखणं' आठवलं. "छे, काय सांगायचंय?" मी म्हणालो.

तो दिवस उजाडला. मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. युक्ती साधी होती: बसायचं नाही. सकाळपासून दुकानात येरझाऱ्या घातल्या, पाय ऊन ठेवला. मेट्रनबाई अकराला आल्या. ठेंगण्या, भरदार, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला मोठी पिशवी. बोलणं जवळजवळ नाहीच. नजर मात्र अशी, की जावईबापू खुर्चीतून आपोआप उठून उभे राहिले.

"हे आमचे सँपल पाय," मालकांनी माझी ओळख करून दिली. "बावीस वर्षं! बसा हो, बूट चढवा."

बूट चढवायला बसावंच लागतं, हे मी विसरलो होतो. बसलो. नवा पांढरा जोड पायात कोंबला. उठणार, तेवढ्यात मालकांनी हात वर केला. "आधी दोन शब्द बोलतो."

ते दोन शब्द बत्तीस मिनिटं चालले. दुकानाची स्थापना, वडिलांचे कष्ट, चामड्याचे प्रकार, ओल आणि तिचे धोके. माझी टाच निवत गेली. मग गार झाली. मग झोपली. मी बुटातल्या बुटात बोटं हलवत होतो, पण त्या बुटात हलायला जागाच नव्हती.

"...तर आता चालून दाखवा!"

पहिलं पाऊल. टाचेत वीज चमकली. "आई..." तोंडून निघालं. सगळे बघायला लागले. "...च्या मांडीसारखा मऊ!" मी वाक्य पुरं केलं. दुसरं पाऊल. "अहाहा!" तिसरं. "हाय... हायजिनिक! आतून धुता येतो!" चौथ्याला नुसताच "बापरे!" निघालं, तो मी "बापरे, काय पकड आहे!" असा सावरला. मालक खूष होऊन मान डोलवत होते. इतक्या कळकळीनं मी कधीच माल विकला नव्हता. सातव्या पावलाला डोळ्यांत पाणी आलं. बाराव्याला समोरची चौदा पायऱ्यांची शिडी दिसायला लागली, परांचीमागून, आ वासून. हसतोय ना मी? हसत होतो. गल्ल्याच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला. बायको बरोबर होती. मीच पोलिसांना बोलावलं असतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मेट्रनबाई माझ्या पायाकडे बघत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. पंधरावं पाऊल होतं. "बसा. बूट काढा."

बावीस वर्षांनी कुणीतरी मला परत तेच दोन शब्द म्हणत होतं. मी बसलो. बूट काढला. बाईंनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला आणि अंगठा रोवला. डॉक्टरांनी रोवला होता, अगदी तिथेच. मी काय ओरडलो, ते लिहिण्यासारखं नाही.

"सकाळी उठल्यावर पहिली पावलं?"

"हो."

"किती दिवस?"

"महिना झाला."

"घरी सांगितलंय?"

मी मान खाली घातली.

"हं. माप काय म्हणता?"

"सात," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"ती पट्टी आणा."

जावईबापूंनी पट्टी आणली. सहा महिन्यांत त्यांनी एवढ्या चपळाईनं काही आणलेलं मी पाहिलं नव्हतं. बाईंनी माझा पाय पट्टीवर ठेवला, टाच मागे टेकवली, सरकपट्टी बोटांपाशी आणली. एकदा पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"साडेआठ."

परांचीवरच्या गवंड्यानंसुद्धा थापी खाली ठेवली.

"पट्टी जुनी आहे," मालक चाचरत म्हणाले. "बिघडली असेल."

जावईबापूंनी तोवर स्वतःचा बूट काढलाच होता. पाय ठेवला. सात. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. पट्टी ठीक होती.

मालक माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, तेच वाईट. वीस वर्षं बरोबर चालणारं घड्याळ मागे पडतंय असं कळल्यावर माणूस जसा बघतो, तसे. मी शिडीकडे बघत होतो. चौदा पायऱ्या. जायच्या चौदा, यायच्या चौदा.

"पहिल्या पावलालाच मी ठरवलं होतं, इथून बूट घ्यायचे नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या. मालकांनी डोळे मिटले. "पण आमच्याकडे एकशे चाळीस जण आहेत, दिवसभर उभे. तीसएक जणांची टाच दुखते. प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण ठणकावून सांगतो, माझं माप मला माहीत आहे. कुणी पट्टीवर पाय ठेवत नाही." त्यांनी माझा पाय खाली ठेवला. "प्रत्येक पाय मोजायचा. मोजल्याशिवाय एकही जोड येणार नाही. आणि मोजायला हाच माणूस पाठवायचा."

"हा?" मालक म्हणाले. "ह्याला तर स्वतःचं..."

"म्हणूनच. स्वतःचं माप चुकलेला माणूस दुसऱ्याचं दोनदा मोजतो."

अशी ऑर्डर वाचली आणि मी माळ्यावर जायचा वाचलो. सँपल पाय मात्र जावईबापू झाले. लाल जाजमावरून ते आता खूप डौलात चालतात. मी बघत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तो ठरवूनच. बायकोला समोर बसवलं. "अगं, तुला एक सांगायचंय. माझी टाच दुखते. महिना झाला."

"मनाचं दुखणं," ती म्हणाली.

मग उठली, फ्रीजर उघडला, बर्फाच्या ट्रेमागून बाटली काढली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पायाखाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, नजर सुधारायला कुणी चवड्यांवर चालतं का? आणि ती बाटली रोज काय आपल्या पायांनी फ्रीजरमध्ये जात होती?"

"मग ते डबे कशाला काढायला लावलेस?"

"डबे काढायचेच होते."

मी बाटलीवर पाय फिरवत बसलो. बरं वाटत होतं. "आणखी एक आहे," मी म्हणालो. "माझा पाय सात नाही. साडेआठ निघाला."

मला वाटलं, ती दचकेल. ती भाजी निवडत राहिली. "हं," म्हणाली. "उद्या तुमच्या दुकानासमोरच्या त्या बुटांच्या दुकानातून चांगले बूट घ्या. माझी टाच तिथल्याच बुटांनी बरी झाली. आपल्या दुकानात जाल, तर पुन्हा सातच घेऊन याल."

ती उठून गेल्यावर मी पायातल्या सपाता काढून उलट्या केल्या. चालून चालून नंबर झिजतो, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. बाकीचा तळ जसाच्या तसा होता. झिजला होता तो फक्त नंबर. कानशीनं झिजतो तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मालकांचं लक्ष नाही असं बघून, मी रस्ता ओलांडला. समोरचा दुकानदार बावीस वर्षं माझ्याकडे काचेतून बघतोय आणि मी त्याच्याकडे. आम्ही कधी बोललो नव्हतो. "या, या," तो असा म्हणाला, जणू सकाळपासून वाटच बघत होता. "काय दाखवू?"

"बूट. आतून मऊ, टाचेला आधार असलेले."

"माप?"

आणि सवय ती सवय. सगळं माहीत असून, मोजून झालेलं असून, टाच ठणकत असून माझ्या तोंडून निघून गेलं:

"सात."

त्यानं पट्टीसुद्धा काढली नाही. गल्ल्याखालचा खण उघडला आणि एक पिवळा पडलेला वर्तमानपत्राचा कागद माझ्यासमोर पसरला. कागदावर पेन्सिलीनं एका पायाची बाह्यरेषा काढलेली होती. करंगळी जराशी आत वळलेली. माझी करंगळी. खाली बायकोचं अक्षर:

'ह्यांचा पाय. झोपेत काढला आहे. साडेआठ. ह्यांना सांगू नये.'

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

"वहिनी आज सकाळी येऊन गेल्या," दुकानदार म्हणाला आणि त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे त्याच अक्षरात, ताज्या शाईनं, आणखी एक ओळ होती:

'आता सांगायला हरकत नाही. तरी सात मागतील. देऊ नये.'